नकाशावरचा बाण: डोम, डोमारी आणि डोंबारी यांच्यावरच्या एका फलकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा गट सहा जणांचा आहे. दोन शिक्षिका, एक ग्रंथपाल, एक चित्रकार, भाषाशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी आणि सगळ्यांच्या मागे लागून कामं करून घेणारी मी. एखादा विषय घ्यायचा, त्यावर फलक तयार करायचे आणि पुणे, सातारा, सांगली भागातल्या शाळा-महाविद्यालयांत ते फिरवायचे, असं आमचं काम चालतं. त्या वर्षी विषय होता भटक्या माणसांचा. फलक बारा, त्यातला पाचवा डोमांवर. या लेखात माणसांची नावं बदलली आहेत आणि संस्थांची दिलेली नाहीत.

मराठी माणसाला डोम भेटतो तो हरिश्चंद्राच्या गोष्टीत. राज्य गेलेला राजा काशीला येतो, स्वतःला डोमाला विकतो आणि मसणात पहारा करतो. पोटच्या पोराचं प्रेत घेऊन आलेल्या तारामतीकडेही तो कर मागतो. फाळक्यांनी 1913 मध्ये पडद्यावर आणली ती हीच गोष्ट, आणि 1932 मधला पहिला मराठी बोलपटही हिच्यावरच होता. म्हणजे डोम आपल्या ओळखीचा आहे, पण फक्त राजाची परीक्षा बघणारा म्हणून. त्याचं स्वतःचं घर कुठे आहे, तो कुठली गाणी म्हणतो, आपण कुठून आलो असं त्याला वाटतं, हे आपण कधी विचारलेलं नाही. पाचव्या फलकामागे ही खंत होती आणि ती खरी होती.

माहिती गोळा करायला लागलो तशी ती वाढतच गेली. काशीच्या मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चितेचा अग्नी डोमांकडूनच घ्यावा लागतो, आणि तो विझू न देणं हे त्यांचं वंशपरंपरेचं काम. कोणत्या दिवशी कोणाच्या घराचा हक्क, हे ‘पारी’ने ठरतं. घरं वाढली तशा पाऱ्या वाटल्या गेल्या, आणि काही घरांच्या वाट्याला वर्षातले मोजकेच दिवस उरले. दुसरीकडे गंगेच्या काठच्या एका घराच्या छपरावर वाघाचे पुतळे आहेत. ते डोमराजाचं घर. त्या घरातल्या जगदीश चौधरींना 2021 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बिहारमध्ये डोम बांबूची कामं करतात. छठपूजेत सूर्याला अर्घ्य देताना हातात जे सूप असतं ते अनेकदा डोमाच्या घरी विणलेलं असतं. वर्षभर ज्याच्या सावलीचा विटाळ मानला, त्याच्या हातच्या सुपाशिवाय सर्वांत कडक सोवळ्याचा सण होत नाही. ही ओळ मी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं.

त्याच नावाची माणसं पार उत्तरेला, काराकोरमच्या डोंगरांतल्या हुंझा खोऱ्यातही आहेत. लोहारकाम आणि वाजंत्री ही त्यांची कामं. त्यांची डोमाकी भाषा आता काहीशे लोकांपुरती उरली आहे. आणखी पश्चिमेला सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, तुर्कस्तान आणि जेरुसलेमपर्यंत स्वतःला ‘दोम’ म्हणवणारे लोक आहेत. अरब शेजारी त्यांना ‘नवर’ म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखाच वापरला जातो. जेरुसलेमच्या जुन्या शहरात बाब हुत्ता भागात त्यांची वस्ती आहे. त्यांची डोमारी भाषा संस्कृतच्याच कुळातली, पण आता ती तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी आहे.

आमच्या चित्रकाराने या सगळ्याचा मिळून एक नकाशा काढला. काशीहून निघालेला जाड लाल बाण सिंधमार्गे इराणला, तिथून जेरुसलेमला आणि शेवटी युरोपातल्या रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या लोकांपर्यंत. दुसरा, बारीक बाण खाली महाराष्ट्रात आला होता आणि त्याच्या टोकाला ‘डोंबारी’ असं लिहिलं होतं. खाली मजकूर असा: ‘महाराष्ट्रातले डोंबारी ही याच मूळ प्रवाहाची शाखा. स्मशानातलं काम सुटल्यावर त्यांनी कसरतीचा खेळ धरला.’

ते वाक्य माझं होतं. त्याला एकही आधार नव्हता. नाव जुळलं, नकाशा छान दिसला आणि मी लिहून मोकळी झाले.

अडचण

उद्घाटनाला आठ दिवस होते. फ्लेक्सच्या दुकानात फायली घेऊन गेले. तिथे संगणकावर बसणाऱ्या मुलाला इथे राजू म्हणू. तो एकेक फलक पडद्यावर मोठा करून समास तपासत होता. पाचव्याला थांबला. नकाशा मोठा करत करत बारीक बाणाच्या टोकाशी आला, पडद्यावर तेवढाच एक शब्द उरला आणि माऊस तिथेच राहिला.

“ताई, हे आमच्यावर आहे का?”

मी आनंदाने हो म्हणाले. मला वाटलं, त्याला बरं वाटेल.

त्याने खालचं वाक्य वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. “आमच्यात कुणी प्रेतं जाळली नाहीत ताई. माझी आजी दोरीवर चालायची. हे शाळेत लागणार ना? माझी भाची सातवीत आहे. उद्या पोरं तिला काय म्हणतील?”

मी काहीतरी सारवासारव केली. संशोधनात असं म्हटलंय वगैरे. त्याने आवाज चढवला नाही. “कुणी केलं संशोधन? कुणाला विचारलं?” एवढंच म्हणाला आणि पुढचा फलक उघडला. फाईल तशीच छापायला त्याची तयारी होती, कारण गिऱ्हाईक मी होते. मीच म्हटलं, पाचवा राहू दे.

त्या रात्री सगळ्यांना फोन केले आणि दुसऱ्या दिवशी बसलो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. डोंबारी हा शब्द आणि ते वाक्य काढायचं, बाकी नकाशा ठेवायचा. दुसरा, ‘असं मानलं जातं’ हे तीन शब्द घालून सगळं तसंच ठेवायचं. आमच्यातले चौघे याच बाजूचे होते, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही. तिसरा, पाचवा फलकच रद्द करून अकरांवर भागवायचं. चौथा पर्याय आमच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचा, निखिलचा. फलक पुन्हा लिहायचा आणि बाणाला ज्याच्यामागे पुरावा आहे तेवढाच ठेवायचा.

दुसऱ्या पर्यायाला धरून ठेवणारं कारण वेगळंच होतं. प्रदर्शनाला पैसे देणाऱ्या एका गृहस्थांना तो नकाशा फार आवडला होता. 2016 मध्ये दिल्लीत रोमा लोकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरं म्हटलं होतं, आणि ते वाक्य फलकावर हवंच असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. दूर गेलेल्यांना आपलं म्हणावं, इतकंच त्यांच्या मनात होतं. पण आपलं म्हणताना समोरच्याला त्याचं मत विचारायचं असतं, हे आम्ही राजूकडून कालच शिकलो होतो.

निर्णय व्हायला एका निवृत्त प्राध्यापकांची मदत झाली. आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांनी नकाशावरचा एकेक तुकडा समोर घेतला.

आधी इराणची गोष्ट. आमच्या मजकुरात होतं, की इराणचा बादशहा बहराम गूर याने पाचव्या शतकात भारतातून हजारो गवई मागवले आणि तेच दोमांचे पूर्वज. ही गोष्ट दहाव्या शतकात हमझा इस्फहानी हा इतिहासकार लिहितो. तो बारा हजार गवई सांगतो. पुढे फिरदौसी शाहनाम्यात दहा हजार लुरी, म्हणजे गाणारे-वाजवणारे, सांगतो. त्यांना बैल आणि गहू दिले, शेती करायची सोडून त्यांनी ते खाऊन टाकले, मग राजाने त्यांना रस्त्याला लावलं. सर म्हणाले, “बादशहा मेल्यावर पाचशे-सहाशे वर्षांनी लिहिलेली गोष्ट आहे ही. इतिहास म्हणून छापू नका. भटक्यांना आळशी ठरवायला लोकांनी कशी कथा रचली, याचा नमुना म्हणून छापा.”

मग रक्ताचा मुद्दा. 2012 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास आला होता. युरोपातल्या रोमा पुरुषांच्या वंशरेषेचं नातं वायव्य भारतातल्या डोम आणि तत्सम समाजांशी जवळचं आहे, असं त्यात दिसलं होतं. आमचा सगळा बाण यावर उभा होता. पण तो अभ्यास फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वंशखुणेचा, आणि तोही युरोपातल्या रोमांचा. जेरुसलेमच्या दोमांबद्दल किंवा सांगलीच्या डोंबाऱ्यांबद्दल त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

शेवटी भाषा. इथे आम्ही सगळेच हरखून गेलो होतो. आयरिश पुरातत्त्वज्ञ मॅकॅलिस्टर यांनी पॅलेस्टाइनमधल्या भटक्या लोहारांची भाषा नोंदवून 1914 मध्ये पुस्तक काढलं. त्यात विसासाठी शब्द आहे ‘वीस’. हिंदीत बीस, युरोपातल्या रोमांच्या रोमानी भाषेत बिश आणि डोमारीत थेट आपला वीस! आमच्या ग्रंथपालबाईंनी त्याच क्षणी लिहून टाकलं होतं: ‘डोमारी ही मराठीची हरवलेली बहीण.’

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “हाताला डोमारीत काय म्हणतात?” निखिल म्हणाला, “खस्त.” “म्हणजे संस्कृतातला हस्त. मराठीत तो झिजून हात झाला, तिथे ‘स्त’ टिकला. मग ती मराठीची बहीण की मावशी? आणि आपण तो, ती, ते अशी तीन लिंगं सांभाळली. डोमारीत दोनच उरली. त्याचं काय?” जुनी गोष्ट दोन घरांत टिकली, एवढ्यावरून ती घरं जवळची ठरत नाहीत. आजोबांचा तांब्या दोन चुलत घरांत सापडतो, तसं ते आहे. दोघांनी मिळून काही नवं केलं असेल, तर जवळीक सिद्ध होते. वीसमधला ‘व’ हा तसा आजोबांचा तांब्या.

तोच प्रश्न रोमा आणि दोम यांच्यातही आहे. रोम, दोम आणि आर्मेनियाकडचे लोम, ही तिन्ही नावं संस्कृत ‘डोम्ब’वरून येतात असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून रोमानीचे अभ्यासक जॉन सॅम्पसन यांनी एकच मोठं स्थलांतर कल्पिलं होतं, जे पुढे फुटलं. पण बहिणीला रोमानीत फेन म्हणतात आणि डोमारीत बेन. रोमानीत ग्रीक आणि आर्मेनियन शब्द पुष्कळ, डोमारीत ते थर नाहीत, तिथे कुर्दी, तुर्की आणि अरबीचे थर आहेत. आज दोन वेगळी स्थलांतरं मानण्याकडेच अभ्यासकांचा कल आहे. म्हणजे आमचा तो जाड लाल बाण मधेच तुटत होता.

आणि काशी? काशीपासून बाण सुरू करायला कुठलाच पुरावा नव्हता. काशीचा डोम प्रसिद्ध, म्हणून आम्ही बाण तिथून काढला होता. जुन्या ग्रंथांत डोम स्मशानात दिसतो तितकाच गाण्यात दिसतो. कल्हणाच्या राजतरंगिणीत दहाव्या शतकातला काश्मीरचा राजा चक्रवर्मा रंग नावाच्या डोम गवयाच्या मुलींवर, हंसी आणि नागलतेवर, भाळतो. बंगालच्या चर्यापदांत, म्हणजे जुन्या बौद्ध गीतांत, काण्हपा हा कवी एका डोंबीला, डोम बाईला, साद घालतो, तिची झोपडी नगराबाहेर आहे. काशीत अग्नी, बिहारात बांबू, हुंझात ऐरण आणि ढोल. एका नावाखाली इतकी कामं. सरांचं म्हणणं असं, की ‘डोम’ हे एका कुळाचं नाव आहे असं धरून चालू नका. गावाबाहेर राहून गावाची कामं करणाऱ्यांना दिलेलं ते नाव असू शकतं, आणि असं नाव रक्ताचं नातं नसलेल्यांनाही चिकटतं. उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये ज्यांना डोम म्हणत, त्यांनी तर ते झटकूनच टाकलं. हरिप्रसाद टम्टा यांच्या पुढाकाराने त्यांनी ‘शिल्पकार’ हे नाव घेतलं आणि जनगणनेत नोंदवून घेतलं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. पाच दिवस हातात होते.

नकाशा ठेवला, बाण काढले. वायव्य भारतातून पश्चिमेकडे एक तुटक रेष तेवढी राहिली, आणि तिच्यावर लिहिलं: ‘हा रस्ता शब्दांवरून ओळखलेला आहे.’ ‘आगडोंब’ आणि ‘डोंबिवली’ या शब्दांवर एक चौकट केली होती. तिला आधार नव्हता, ती गेली.

त्याऐवजी चार ठिकाणच्या लोकांना स्वतःची सुरुवात कशी वाटते, ते लिहिलं. काशीत कल्लू डोमाची कथा सांगतात. पार्वतीचं कर्णफूल मणिकर्णिकेपाशी पडलं, कल्लूने ते लपवलं, शंकराने शाप दिला आणि क्षमा मागितल्यावर चितेचा अग्नी सांभाळायचं काम दिलं. जेरुसलेमच्या दोमांच्या गोष्टीत भारताचं नावही नाही. ते स्वतःला अरब कथांतल्या जस्सासचे वंशज सांगतात. बसूसच्या युद्धात त्याचं कुळ हरलं आणि जेत्या झीर सालिमने त्यांना कायम भटकत राहण्याचा शाप दिला. दोन्ही गोष्टी शेजारी लावल्या तेव्हा मी किती तरी वेळ बघत राहिले. काशी आणि जेरुसलेम, दोघांचा एकमेकांना पत्ता नाही आणि दोघांच्याही गोष्टीत आपलं जगणं म्हणजे शिक्षा. त्यावर आम्ही भाष्य लिहिलं नाही. गोष्टी फक्त शेजारी ठेवल्या.

एका परदेशी विद्यापीठाने जेरुसलेमची ध्वनिमुद्रणं सर्वांसाठी ठेवली आहेत. परवानगी मागितली आणि ती मिळाली. एक ते दहा आकड्यांचा तुकडा हेडफोनवर लावला: यिका, दी, तरन, श्तार, पूंज, मग सहा ते नऊ अरबी आणि पुन्हा दस. खाली वाक्य एकच: ‘सहा ते नऊ कुठे गेले असतील?’

चौथी जागा डोंबाऱ्यांची होती. त्यासाठी मी पुन्हा दुकानात गेले आणि राजूला विचारलं, की लिहायचं का, आणि लिहायचं तर काय. तो म्हणाला, आजीला विचारतो. दोन दिवसांनी त्याने फोनवर तिचा आवाज ऐकवला. तुम्ही मूळचे कुठले, या प्रश्नाला आजीचं उत्तर होतं: “कार्तिकीला पंढरपूर. तिथनं म्हसवडचा रथ. मग जतची यल्लम्मा. चैतात खरसुंडी. पावसाळ्यात जिथं पाल ठोकू दिलं तिथं.” तेवढंच आम्ही जसंच्या तसं छापलं. शेजारी एक माहितीची ओळ होती, की उत्तर प्रदेश-बिहारचे डोम अनुसूचित जातींत येतात, महाराष्ट्रातले डोंबारी भटक्या जमातींच्या यादीत, आणि नाव जुळतं म्हणून त्यांना एक समजू नये.

निष्पत्ती

प्रदर्शन वेळेवर उघडलं. पाचव्या फलकापाशी गर्दी हेडफोनमुळे झाली. पोरं ‘पूंज’ ऐकून पाच बोटं वर करायची आणि ‘सित्ते’ला गोंधळायची. एका मुलीने वहीत सहा ते नऊच्या जागी चार रिकाम्या चौकटी काढल्या होत्या.

काही शिक्षक नाराज झाले. मुलांना एक स्पष्ट उत्तर हवं असतं, तुम्ही चार गोष्टी सांगून सोडून दिल्या, असं त्यांनी सांगितलं. पैसे देणाऱ्या गृहस्थांनी नकाशा बघितला, काही बोलले नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांनी मदत केली नाही. आम्हाला त्याची झळ बसली. पुढचं प्रदर्शन सात फलकांवर आलं.

राजू आजीला घेऊन आला. तिला वाचता येत नाही. तिने काशीच्या फलकावरचा फोटो बघितला आणि विचारलं, “हे पोरगं कुणाचं?” दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बांबूने चिता सारखी करत होता, असा तो फोटो. छायाचित्रकाराची परवानगी आमच्याकडे होती. मुलाची किंवा त्याच्या घरच्यांची कुणी घेतली होती का, हे आम्हाला सांगता आलं नाही. आजी म्हणाली, “माझेबी लई फोटू काढल्यात लोकांनी. एकबी बघितला न्हाई मी.” दुसऱ्या दिवशी आम्ही तो फोटो उतरवला.

आज पुन्हा करायचं तर

ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांतल्या निदान एका घराशी आधी बोलेन, मजकूर होण्याआधी. राजू भेटला हा निव्वळ योग होता. दुसऱ्या दुकानात गेले असते तर ते वाक्य बारा शाळांच्या भिंतींवर गेलं असतं. आणि नकाशा सगळ्यांत शेवटी काढायला सांगेन. आमच्याकडे तो आधी झाला, सुंदर झाला आणि मग आम्ही त्याला साजेसा मजकूर शोधत बसलो. काशीशी आम्ही बोललोच नाही, हीही उणीव. जेरुसलेमसाठी विद्यापीठाला पत्र गेलं, सांगलीसाठी आजी भेटली, काशीच्या डोमांबद्दल मात्र सगळं छापील मजकुरावरून घेतलं.

‘डोंबारी’ हे शीर्षक ठेवायचं की नाही, हेही आजीला विचारायला हवं होतं. गावात कुणी पोरकटपणे वागलं की ‘काय डोंबाऱ्याचा खेळ लावलाय’ म्हणतात, ते तिने आयुष्यभर ऐकलंय. आम्ही ते नाव ठळक अक्षरांत छापलं.

प्रदर्शन संपल्यावर राजूने विचारलं, चौथ्या जागेचा तेवढा भाग वेगळा छापून घेऊ का. दुकानात त्यानेच छापला आणि घरी नेला. नंतर एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा तो आतल्या खोलीत लावलेला दिसला. वरचं शीर्षक त्याने फाईलमधून काढून टाकलं होतं. पंढरपूर, म्हसवड, जत, खरसुंडी एवढंच होतं, आणि खाली भाचीने पेनाने आजीचं नाव लिहिलं होतं.